मिठबावकरांचा तयार कान

आधीच सांगून टाकतो, मिठबावकर सर बहिरे होते. मागाहून सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पेटीवाल्याने एवढी गोष्ट मुद्दाम झाकून ठेवली. मला असली लबाडी जमत नाही. एकदाच करायला गेलो, ती माझ्याच अंगाशी आली. तेव्हा तुमच्या-माझ्यात लपवाछपवी नको. सुरांचा समुद्र रंगवणारा म्हणून गावभर ज्याचं नाव, त्या माणसाला नाशकातली शेवटची सात वर्षं गाण्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं, आणि हे कुणाला कळू नये म्हणून तो जिवाचं रान करत होता.

मी गायधनी. पंचवटीत राहतो, पेटी वाजवतो, पेटी शिकवतो. साथीदाराचं नाव पत्रिकेच्या शेवटच्या ओळीत येतं आणि सत्काराच्या वेळी नारळ संपल्यावर येतं, त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झालाय असं घरचे म्हणतात. असेल. पण या हकिकतीत माझं काम सरांच्या समोर बसून भाता हलवण्याचं, तेवढंच. ते मी नीट केलं असं मला आजही वाटतं.

त्यांची माझी पहिली भेट गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, एका देवळात झाली. भजनाची साथ संपवून पेटी बंद करत होतो, तर समोर एक उंच, किडकिडीत गृहस्थ. खांद्याला झोळी, दहाही नखांत निळा रंग. म्हणाले, तुमचा भाता फार सुंदर आहे. आता पेटीवाल्याच्या बोटांचं कौतुक होतं, सुरांचं होतं, फार तर पेटीच्या लाकडाचं होतं. भात्याचं कौतुक म्हणजे सुगरणीला तुमचा पोळपाट छान आहे म्हणण्यासारखं. मी तोंडातल्या तोंडात धन्यवाद म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते घरी हजर. मी चित्र काढत असताना समोर बसून वाजवाल का, म्हणाले. त्या वेळी त्यांचे कान शाबूत होते, हेही सांगून ठेवतो, म्हणजे तो भात्याचा शेरा जास्तच झोंबण्यासारखा.

सर मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात आराखडे काढायच्या नोकरीला आले, निफाडच्या द्राक्षबागाईतदाराच्या मुलीशी लग्न केलं, पुढे नोकरी सोडली. समुद्र मात्र सुटला नाही. गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे लोक सोफा ठेवतात तिथे ते समुद्र रंगवायचे. चित्रात होडी नाही, माड नाही, कोळीण नाही. निळ्या-राखाडी रंगाचे थर, त्यावर खरवडलेल्या रेघा, आणि कुठेतरी कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. तो ठिपका म्हणजे गंधार, असं ते सांगायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी पेटीवाला पडलो, मला हो म्हणावंच लागे. कोमल की शुद्ध, एवढंच मी विचारायचो.

त्यांची कामाची रीत ऐकाल तर डोक्याला हात लावाल. गावी त्यांचा एक पुतण्या होता. तो दर महिन्याला तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा फोनवर पाठवायचा. सर त्या स्वच्छ अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवायचे. भरती असेल तेव्हा रंग भरायचा, ओहोटी लागली की खरवडायचा. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे माझ्या शिकवण्याही रोज पाऊण तास पुढे सरकायच्या. मुलांचे आईबाप विचारायचे, सर, उद्या नक्की किती वाजता? मी काय सांगणार, कोकणात पाणी चढलं की. पुतण्या एकदा तापाने पडला, तर गंगापूर रोडला चार दिवस समुद्र बंद होता. आमच्या रसिक मंडळाच्या डॉक्टरसाहेबांनी सहज सुचवलं की आपल्याकडे धरणाचं एवढं पाणी आहे, ते बघून काढा की. सर त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

मिठबावकर वहिनींनी हे सगळं फार शहाणपणाने चालवून घेतलं होतं. मी दारात उभा राहिलो की म्हणायच्या, "भाऊजी, भरतीला अजून वीस मिनटं हायेत. बसा, चहा टाकते." रंग खरवडायला सरांना स्वयंपाकघरातलं उलथणंच लागायचं. वहिनींनी त्यांच्यासाठी चार नवी उलथणी आणून दिली, पण त्यांना पोळी उलटून उलटून झिजलेलंच हवं असे. त्या घरात मी कितीदा तरी धिरड्यात निळी छटा पाहिली आहे. खाल्लंही आहे.

वाजवायला बसलो की ते विचारायचे, आज काय? मी रागाचं नाव सांगायचो. ते खडूने भिंतीवर लिहायचे, आणि तेच पुढे चित्राचं नाव व्हायचं. 'तोडी, भरती', 'मारवा, ओहोटी' वगैरे. प्रत्येक प्रदर्शनाच्या पत्रिकेवर एकच ओळ छापलेली असायची: स्वर ऐकून रंगवलेला समुद्र. तीस वर्षं तीच ओळ. लोकांना चित्र कळो न कळो, ही ओळ सगळ्यांना कळायची. पुढचा सगळा घोळ या ओळीपायी झाला.

चौथ्या-पाचव्या वर्षी एकदा म्हणाले, गायधनी, तुमच्या मिशीमुळे सूर अडतोय. मी गायचो नाही हो. पेटीच्या सुराला मिशी कुठून आडवी येणार? पण कलावंत माणूस, त्याला काहीतरी सूक्ष्म जाणवत असेल असं मानून मी तीस वर्षांची मिशी उतरवली. घरी दोन दिवस कुणी माझ्याकडे सरळ बघितलं नाही. आता कळतं, त्यांना माझे ओठ वाचता येत नव्हते. त्याच सुमाराला एकदा ते म्हणाले, आज तुमची मींड अगदी काळजाला भिडली. पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं म्हणजे मींड, आणि पेटीच्या पट्ट्या सुट्या सुट्या. हे पहिल्या महिन्यातल्या पोरालाही माहीत असतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण साथीदाराला कौतुकाची इतकी उपासमार असते की तो खोटं कौतुकसुद्धा घरी घेऊन जातो. मी घरी जाऊन तासभर पेटीवर मींड शोधत बसलो होतो.

डॉक्टरसाहेबांचं सांगायला हवं. आमच्या रसिक मंडळाचे ते अध्यक्ष, आणि धंद्याने कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. सरांच्या चित्रांवर त्यांचा फार जीव. दवाखान्यात जिथे पेशंट बसतात तिथे त्यांनी सरांचं 'श्रवण' नावाचं भलंमोठं चित्र लावलं होतं. ते भाषणात नेहमी म्हणायचे की आयुष्यभर हजारो कान तपासले, पण मिठबावकरांसारखा तयार कान पाहिला नाही. हे म्हणताना सर बाजूलाच बसलेले असायचे आणि डॉक्टरांच्या ओठांकडे टक लावून बघायचे. डॉक्टरांना वाटायचं, केवढी नम्र एकाग्रता.

सरांच्या एका प्रदर्शनाला मी होतो. आलेल्या माणसांना ते सांगत होते, बघू नका, कान लावा. नुसतं सांगत नव्हते, लावायला लावत होते. पहिले डॉक्टरसाहेब गेले. डोळे मिटून कान चित्राला टेकवला आणि हात वर केला, म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसावं. मिनिटभराने म्हणाले, गाज ऐकू येते. झालं. नगरसेवक, प्राचार्य, दोन वाइनरीवाले, एक वकीलबाई, सगळे ओळीने कान लावायला उभे. प्रत्येकाला गाज ऐकू आली. एकाला तर शिडाच्या होडीचा आवाजही आला. त्या भिंतीच्या पलीकडे एसीचं यंत्र बसवलेलं होतं, हे मी पेटी ठेवायला जागा शोधताना पाहिलं होतं. ते चित्र आदल्या दिवशीच्या भरतीचं, अजून ओलं होतं. डॉक्टरांचा उजवा कान निळा झाला. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. पुढे दोन दिवस तो निळा कान त्यांनी दवाखान्यात तसाच मिरवला.

त्या ओळीत शेवटी वहिनींचे भाऊ रावसाहेब होते. निफाडला द्राक्षबाग, पायात मातीच्या चपला, बहिणीने बोलावलं म्हणून आलेले. त्यांनीही प्रामाणिकपणे कान लावला, चांगला दोन मिनिटं. मग सरळ होऊन म्हणाले, "दाजी, मला तर मशिनीचा आवाज येतोय. समुद्र काय येत नाय बुवा." सगळं दालन गार पडलं. सरांनी रावसाहेबांच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं, आणि ते इतके मोठ्याने हसले की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र त्यांनी तिथल्या तिथे रावसाहेबांना देऊन टाकलं. रावसाहेबांनी ते नेऊन द्राक्षं भरायच्या शेडमध्ये लावलं. तिथे ते अजून आहे. मजुरीवरच्या बाया जेवायच्या सुट्टीत त्याच्यासमोर बसतात, आणि गार वाटतं म्हणतात.

मला कळलं ते थंडीत. निफाडच्या बाजूने गारठा आला की आमच्याकडे बोटं चालत नाहीत. त्या दिवशी मी उजवा हात शालीत घालून ऊब घेत होतो आणि डाव्या हाताने सवयीने भाता हलवत होतो. पट्टी एकही दाबलेली नाही. म्हणजे आवाज शून्य. पाचेक मिनिटं गेली असतील. सर कॅनव्हासवर रंग भरत होते, मध्येच माझ्याकडे एक नजर. आणि म्हणाले, "वा, गायधनी. काय निषाद लावलात."

मी भाता थांबवला, ब्रश थांबला. भरभर हलवला, ब्रश भरभर चालला. मी खाली मान घालून, स्वच्छ आवाजात म्हटलं, सर, तुम्ही लबाड माणूस आहात. ते रंगवत होते. मग मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

ते जमिनीवर बसले. ब्रश पुसायला लागले. पाच वर्षं झाली, म्हणाले. आधी वरचे सूर गेले, तंबोऱ्याचा झंकार गेला, मग हळूहळू सगळंच. मी विचारलं, मग मला कशाला बोलावता? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. "तुमचा भाता दिसतो ना. आत जातो, बाहेर येतो. मी त्याच्याकडे बघतो आणि मला माझा किनारा दिसतो. कान होते तेव्हाही मी निम्मं डोळ्यांनीच ऐकत होतो."

मला भयंकर राग आला. नऊ वर्षं मी या माणसासाठी घरी रियाज करून जायचो. भरतीला कुठला राग बरा, ओहोटीला कुठला, याचा विचार करत आंघोळ करायचो. आणि हा गृहस्थ भाता बघत होता. भाता काय, दाराला पडदा लावून वाऱ्यावर सोडला असता तरी चाललं असतं. मी चहा न घेता निघालो आणि तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी शिकवणी चालू असताना माझं लक्ष सारखं घड्याळाकडे. दहा चाळीसची भरती होती. दहा वाजता मी पेटी रिक्षात घातली. का गेलो हे विचारू नका. नऊ वर्षांत माझ्याकडे इतकं लक्ष देऊन दुसरं कुणीच बघितलं नव्हतं, हे मात्र खरं.

वहिनींना मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, ह्या माणसानं माझं कधी ऐकलंय का? कान कधी गेले ते मला कसं कळावं?" पण त्यांनीच गुपचूप पुण्याला नेऊन कानाचं मशीन आणलं होतं. पुण्याला, कारण नाशकात आणलं असतं तर डॉक्टरसाहेबांना कळलं असतं. सरांनी ते एक दुपारभर घातलं. कुकरच्या शिट्ट्या, मोटारसायकली, वरच्या मजल्यावर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या, सगळं ऐकू आलं. मग मी यमन वाजवला. ते म्हणाले, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं येतंय. मशीन काढून त्यांनी ब्रशच्या डब्यात टाकलं. डोक्यात पूर्वीचा यमन शिल्लक आहे, तो तरी धड राहू द्या, म्हणाले. मला गलबलून आलं, पण माझा चेहरा मुळात तसा दिसत नाही.

त्यांना भीती एकच होती, त्या पत्रिकेवरच्या ओळीची. कान गेले म्हटलं की ओळ खोटी, आणि ओळ खोटी म्हणजे भिंतीवरचं प्रत्येक चित्र खोटं, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, सर, ओळ बदला. ते म्हणाले, लोकांनी ओळच विकत घेतली आहे, चित्र तिच्याबरोबर फुकट गेलंय. हे त्यांनी इतकं शांतपणे म्हटलं की मी मुकाट्याने शपथ घेतली. कुणाला सांगणार नाही.

आणि मग दोन वर्षांनी मंडळाने कार्यक्रम ठरवला. पुण्याचे एक गवई गाणार, सर रंगमंचावर त्यांच्या गाण्यावर चित्र काढणार, साथीला मी. कल्पना अर्थातच डॉक्टरसाहेबांची. सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी मला एवढंच विचारलं, भाता दिसेल ना? मी म्हटलं, दिसेल.

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊन बघतो तर चित्राची घोडी गवयाच्या उजव्या हाताला, तबल्याच्या बाजूला मांडलेली. पेटी रिवाजाप्रमाणे डाव्या हाताला. मध्ये गवई, आणि गवई भरपूर. सरांना तिथून माझा भाता दिसणं शक्यच नव्हतं. घोडी हलवा म्हटलं तर दिवे तिच्यावर बांधलेले. मग मी तबलजीची जागा मागितली. गवई भडकले. पेटी कधी उजवीकडे बसते का? काय कारण? सगळे माझ्याकडे बघायला लागले, डॉक्टरसाहेब, मंडळाचे सभासद, आणि घोडीपाशी उभे असलेले सर, पांढरेफटक. मला पटकन दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, माझा उजवा कान गेलाय. गायक माझ्या डाव्या हाताला असला तरच मला ऐकू येतं.

डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांत जी करुणा आली ती मी जन्मात विसरणार नाही. सोमवारी दवाखान्यात या, म्हणाले, आणि हे त्यांनी माझ्या कानाजवळ तोंड आणून, ओरडून म्हटलं.

जागा मिळाली. गाणं सुरू झालं. पेटीवाला साथीला बसतो तेव्हा भाता हलकेच चालवतो, कुणाच्या नजरेत येऊ नये असा. मी मात्र सरांसाठी पूर्ण उघडून पूर्ण मिटत होतो. गवई आलापातून माझ्याकडे जळजळीत बघत होते. बघू देत. सर काम करत होते. एवढी वर्षं मी त्यांच्यासमोर बसलो, पण माझी नजर कायम पट्ट्यांवर, चित्र होताना मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. राखाडी थर चढत चढत वर आला, मग त्यांनी खिशातून उलथणं काढलं आणि एका ओढीत तो मागे घेतला, आणि खाली ओली, चकचकीत वाळू राहिली. वाळू नव्हती हो, रंगच होता. पण मला पाणी मागे सरताना दिसलं. मी गेलो नाही कधी कोकणात. मला रडू आलं.

त्या नादात गाणं संपलं ते माझ्या ध्यानात आलं नाही. बोटं उचलली गेली होती, भाता चालूच होता. सरांचा हातही चालूच होता. गवई तंबोरा खाली ठेवून माझ्याकडे बघतायत, तबलजी हातोडी आवरतोय, आणि मी आवाज नसलेली पेटी वाजवतोय. दोन-तीन मिनिटं तरी. शेवटी डॉक्टरसाहेब माइकवर आले आणि म्हणाले की आज नाशिककरांनी अनाहत नाद पाहिला, गाणं थांबलं तरी मिठबावकरांच्या तयार कानात ते चालूच होतं. टाळ्या थांबेनात. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, आमच्या गायधनींना मात्र गाणं संपल्याचं कळलं नाही, पण त्यांची निष्ठा बघा.

झालं. रात्रीपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझे कान गेले होते. शिकवणीच्या दोन मुली बंद झाल्या. ज्याला ऐकूच येत नाही तो सुरात काय आणणार, हे आईबापांचं म्हणणं चूक म्हणता येईना. देवळातल्या भजनवाल्यांनी दुसरा पेटीवाला धरला. रस्त्यात लोक माझ्याशी ओरडून बोलायला लागले, आणि मी नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं की कौतुकाने एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मी डॉक्टरसाहेबांकडे जाऊन तपासून घेतलं. यंत्राने सांगितलं, दोन्ही कान ठणठणीत. डॉक्टरसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, कागदावर जाऊ नका, सगळ्या गावाने डोळ्यांनी बघितलंय. मग ग्रुपवर त्यांनी ज्येष्ठ वादकांसाठी मोफत कान तपासणी जाहीर केली, माझं नाव प्रेरणास्थान म्हणून घालून.

ते सरांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्यांनी रंगाला हात लावला नाही. भरती आली आणि गेली. मी सगळं हसण्यावारी नेत होतो, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि न बघणं म्हणजे त्यांच्यापुरतं न ऐकणं. निघताना म्हणाले, माझ्या खोट्यासाठी तुमचा हात रिकामा झाला, हे मला चालणार नाही. मी म्हटलं, सर, तीस वर्षांची ओळ जाईल. ते म्हणाले, जाऊ दे.

महिन्याभराने मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. तेच सभागृह, तीच माणसं. वहिनी पहिल्या रांगेत, शेजारी रावसाहेब. मला व्यासपीठाच्या कडेला खुर्ची दिली होती, डॉक्टरसाहेबांच्या सूचनेवरून लाउडस्पीकरला खेटून. शाल झाली, हार झाला, नारळ झाला, 'तयार कान' चार भाषणांत आला. मग सर उठले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही, म्हणून ते एरवी फार हळू बोलायचे. त्या दिवशी त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मंडळी, एकच गोष्ट सांगायची आहे. गायधनींचे कान शाबूत आहेत. बहिरा मी आहे. सात वर्षं मी गाणं ऐकलेलं नाही. त्या दिवशी गायधनी माझ्यासाठी खोटं बोलले."

आता सुटलो, असं मला वाटलं, आणि लगेच त्या माणसाची कीव आली. मग डॉक्टरसाहेब उठले. डोळे पुसत उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यामागे सगळं सभागृह उभं राहिलं. डॉक्टरसाहेब माझ्या खुर्चीजवळचा दुसरा माइक ओढून घेत म्हणाले, साथीदाराचं व्यंग स्वतःच्या अंगावर घेणारा असा कलावंत मी पाहिला नाही, केवढं हे मन. वकीलबाई रडत होत्या. पहिल्या रांगेत वहिनी आणि रावसाहेब एवढेच बसून राहिले होते. रावसाहेब पलीकडच्या शेजाऱ्याला सांगत होते, अहो, दाजी खरं बोलतायत. शेजाऱ्याने त्यांना गप्प बसायची खूण केली आणि टाळ्या चालू ठेवल्या.

सर उभे होते. टाळ्या त्यांना ऐकू येत नव्हत्या, दिसत होत्या. डॉक्टर पाठमोरे असल्यामुळे ते काय बोलले हे त्यांना वाचता आलं नव्हतं. त्यांना दिसली ती फक्त उभी राहिलेली माणसं, भिजलेले डोळे. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. पुढच्याच महिन्यात ते वहिनींना घेऊन कायमचे गावी गेले आणि आमची पुन्हा भेट झाली नाही, त्यामुळे माझ्यासाठी ते अजून तिथेच, हार गळ्यात अडकवून, माझ्या खुर्चीकडे चालत येतायत. जवळ आले, वाकले, आणि माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "नीट ऐकू गेलं ना सगळ्यांना?"

मागून डॉक्टरसाहेबांनी माझा खांदा दाबला आणि उजव्या कानाशी येऊन ओरडले, सर तुमच्याशी बोलतायत.

मी ओठ नीट हलवून म्हटलं, "गेलं, सर. सगळ्यांना गेलं."